हुंकारावर बंदी नव्हती

सोलापूरला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात मला तीन प्रश्न विचारण्यात आले. ऊन कसे होते, चादर आणलीस का, आणि एकटीच गेली होतीस का. पहिल्याचे उत्तर: रग्गड होते. दुसऱ्याचे: नाही आणली. तिसऱ्याचे उत्तर मी देत नाही. बाईमाणूस एकटे आगगाडीत बसलेले ज्यांना पाहवत नाही त्यांनी खुशाल डोळे मिटून घ्यावेत. तिथे कशाला गेली होतीस, हे मात्र कुणीच विचारले नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दोन वर्षे मी पत्रके लिहीत आले आहे. दारूवर लिहिली, परदेशी कापडावर लिहिली, मुलींच्या शाळांवर लिहिली. पत्रकाची विद्या सोपी असते. मथळा ठळक, वाक्य आखूड, शेवटी उद्गारचिन्ह. हिवाळ्यात वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आले. त्यात चीन, सयाम, ब्रह्मदेश, जपान इथल्या लोककथा होत्या. वाचता वाचता माझे डोके तापले. हे आपले शेजारी. शेजारणीच्या घरची आमटी आपल्याला विलायतेहून डबाबंद होऊन यावी, आणि आपण तिची चव इंग्रजीत घ्यावी! मी त्यांतल्या आठ गोष्टी मराठीत उतरवल्या आणि ठरवले की त्या कष्टकरी बायकांपुढे तोंडाने सांगायच्या.

माझी मैत्रीण कुसुम सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. तिने लिहिले, "ये. इथे सध्या सभांना बंदी आहे, पण गोष्टीला कोण सभा म्हणणार?" ही युक्ती मला फार आवडली. पुढे तीच माझ्या अंगाशी आली, आणि माझ्या एकटीच्या नाही.

कुर्डुवाडीच्या अलीकडे

डब्यात समोर एक धनगरीण बसली होती. मांडीवर शेळीचे पिल्लू. तिने माझ्या गठ्ठ्याकडे बोट केले.

"काय हाय त्यात, बाई?"

"पत्रके आहेत."

"वाच की."

मी दारूबंदीचे पत्रक खणखणीत आवाजात वाचले. ती मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मंग फुडं काय झालं?"

"पुढे काही नाही. ही जनतेला विनंती आहे."

"म्हंजे अर्दंच हाय."

मला राग आला. पूर्ण पत्रक होते, खाली मुद्रणालयाचे नावसुद्धा होते! मी तिला समजावत असताना पिल्लाने मान लांब करून तेच पत्रक ओढले आणि चघळायला लागले. मी ओरडले. धनगरीण शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कुनाच्या तरी पोटात गेलं की."

तिने मला उतरताना मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या. मी त्या रागारागाने खाल्ल्या. चांगल्या होत्या.

पूर्वेकडची पेठ

कुसुमच्या घरी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. ही चटणी कुटून तेल सुटलेली, लालभडक. आमच्या पुण्याकडे हिला चटणी न म्हणता शिक्षा म्हणतील. दोन घासांत माझे नाक वाहू लागले. कुसुमच्या आई पदराआड हसल्या. पण मी कशाला आले हे कळल्यावर त्यांचे हसू गेले.

"दिवसा गोष्ट सांगणार? अगं, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

मी त्यांना सरळ सांगितले की माझे मामा रेल्वेत आहेत, ते रुळांवरून जातात, चुकणार नाहीत. कुसुमने मला टेबलाखालून चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने मला पूर्वेकडच्या पेठेत नेले. तिथे तेलुगू विणकरांची वस्ती. गल्लीत पाऊल टाकले की दोन्ही बाजूंनी हातमागांचा आवाज अंगावर येतो: खट्, खटाक्, खट्, खटाक्. ओट्यांवर रंगवलेले सूत वाळत घातलेले असते, आणि चालताना ते चुकवावे लागते. मी नाही चुकवले. माझ्या पांढऱ्या खादीवर जांभळा पट्टा उठला. तो अजून आहे.

कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. आतल्या अंगाला पुरुष मागावर, आणि दाराकडच्या उजेडात तीसेक बायका रहाटावर कांड्या भरत बसलेल्या. रहाट फिरतो, सूत बोटाएवढ्या कांडीवर गुंडाळले जाते, कांडी भरली की टोपलीत टाकायची आणि दुसरी लावायची. दाराच्या उंबऱ्यावर सिद्राम मुकादम बसलेला. हा मोहोळकडचा माणूस. मिशा भरघोस, काम एकच: हात थांबला की खेकसायचे. मालक स्वतः तेलुगूच, बोलायला सभ्य. कुसुमच्या शाळेत त्यांची मुलगी होती. "गोष्ट ना? सांगा, बाई. हात चालू राहिले म्हणजे झालं," ते म्हणाले.

मी उभी राहिले आणि चीन देशाच्या राजाची गोष्ट सांगितली. राजवाड्याशेजारी विणकरांची गल्ली होती. मागांच्या खटखटीने राजाला झोप येईना. त्याने हुकूम काढला की ज्याचा माग वाजेल त्याचा माग जाळू. मग विणकर एक झाले, त्यांनी तो हुकूमच जाळला, राजा पळाला, आणि प्रजेने पंचायत नेमली. पळालेला राजा आणि पंचायत पुस्तकात नव्हती. ती मी घातली. शेवटी गोष्टीपासून घ्यायचे पाच बोध सांगितले. अर्धा तास मी एकदाही अडखळले नाही.

कुणी हसले नाही, कुणी रडले नाही. वाईट म्हणजे रहाट मंदावले. मुकादम दोनदा खेकसला. मी घामाघूम होऊन थांबले, तेव्हा दाराजवळच्या रहाटावरची एक म्हातारी बोलली. सुकलेल्या शेंगेसारखी बाई, पण आवाज भरदार. तिचे नाव नरसव्वा.

"अम्मा, गोष्ट लई पळती तुमची. दमच घेत न्हाय. आमी हूं कुटं घालायचा?"

"हूं कशाला?"

सगळ्या शेडीत हशा पिकला. एकजण म्हणाली, "ह्यांच्या पुन्यात नवऱ्याशीबी असंच बोलत असतील. एकदमच अर्धा तास!"

नरसव्वाने मला शेजारी बसवले आणि लहान पोरीला सांगावे तसे सांगितले. गोष्ट सांगणारी एक वाक्य बोलते आणि थांबते. तेवढ्यात ऐकणाऱ्यांनी "हूं" म्हणायचे. हूं आला तर गोष्ट पुढे, नाही आला तर गोष्ट तिथेच बसून राहते, मग सांगणारी कितीही मोठी असो. "तुमी येकट्याच चालला. मागं कोन येतंय का बघितलंच न्हाय की."

आमच्याकडे वक्ता बोलतो आणि लोक गप्प बसतात. गप्प बसले की आम्ही म्हणतो, सभा शांततेत पार पडली. ती शांतता मी दोन वर्षे संमती समजत आले होते.

"आणि दिवसा गोष्ट सांगता? मामा वाट चुकत नाही?" मी विचारले.

"चुकू दे की," ती म्हणाली. "आला की धा-धा दिस हलत न्हाय."

मग तिने मला गार केले. "राजाची गोष्ट मला ठावं हाय. तुमी शेवट बिघडवला."

मी ताडकन म्हणाले की ही चीनची गोष्ट आहे, इंग्रजी पुस्तकातून घेतलेली, तिला कशी ठाऊक असणार? ती कांडी भरता भरता बोलत राहिली. तिचा चुलता तरुणपणी रंगूनला गेला होता, भाताच्या गिरणीत. आमच्या लोकांची जहाजेच्या जहाजे जात होती, म्हणाली. तिथे त्याच्या खोलीशेजारी एक चिनी सुतार राहायचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मोडक्या हिंदुस्थानीत सुताराने गोष्ट सांगितली, चुलत्याने हूं म्हटले. चुलता परत आला तो ताप आणि चार गोष्टी घेऊन आला. ताप त्याला घेऊन गेला. गोष्टी राहिल्या.

लंडनची वाट न धरता ती गोष्ट समुद्रावरून, तोंडातून तोंडात, सरळ या पत्र्याखाली येऊन बसली होती. आणि मी तिला ती आणून देण्याचे उपकार करायला निघाले होते!

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी नरसव्वाने तीच गोष्ट सांगितली. मी पहिल्यांदाच हुंकार ऐकला. ती एक वाक्य बोलायची, भरलेली कांडी टोपलीत टाकायची, मान वर करायची, आणि तीस बायका म्हणायच्या, "हूं." त्याच तालावर रहाट. वाक्य मराठीत सुरू व्हायचे, मध्येच तेलुगूत शिरायचे, पण हूं दोन्हीकडचा एकच.

राजाच्या हुकमाची जागा आली तेव्हा ती थांबली आणि कुणी हूं म्हटले नाही. सारे रहाट आणि आतले माग क्षणभर थांबले. अशी शांतता की पत्रा तडकलेला ऐकू आला. मग ती हळूच म्हणाली, "पयल्या दिवशी राजा झोपला." हूं. "दुसऱ्या दिवशी त्याला एक आवाज आला." हूं. "कसला आवाज? त्याच्याच काळजाची खटखट."

राजाने कान झाकले, आवाज वाढला. गाद्या घातल्या, वाढला. शेवटी तो गल्लीतल्या म्हाताऱ्या विणकरणीकडे आला. आजी, ही खटखट बंद कर. ती म्हणाली, राजा, ती बंद झाली की तू मेलास. तिच्यावर पांघरूण घालणारा आवाज एकच, आमच्या मागांचा. मग चालू करा, राजा म्हणाला. म्हातारी म्हणाली, आमचे माग गोष्टीवर चालतात आणि गोष्ट हुंकारावर चालते. तुझ्या भयाने गल्लीतला हूं मेला. आता तूच बस उंबऱ्यावर, मी गोष्ट सांगते, आणि तू हूं म्हण.

"मंग?" नरसव्वा थांबली. या जागी बायका गप्प राहतात, कारण हा हूं राजाचा. तीच जाड, रडका आवाज काढून म्हणाली, "हूंऽऽ!" बायका हसून लोळल्या. मुकादमसुद्धा मिशीत हसला, मग आठवण होऊन खेकसला.

माझ्या पाच बोधांची मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी काय करते? पत्रक काढते.

त्याच संध्याकाळी मी एका छापखान्यात जाऊन शंभर हस्तपत्रके छापून घेतली. "जुलमी राजाची गोष्ट! सांगणार: नरसव्वा. स्थळ: अमुक कारखाना. वेळ: दुपारी. भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे!!" कुसुमला विचारले नाही. नरसव्वाला तर नाहीच. मला वाटले मी तिचा सन्मान करते आहे. सकाळी मी ती पेठेत स्वतः वाटली.

दुपारपर्यंत पोलीस शिपाई कारखान्याच्या दारात हजर. हातात माझेच पत्रक. "हितं सभा हाय काय? जुलमी राजा कोन?" रहाटावरची गोष्ट त्याला वर्षानुवर्षे कधी ऐकू आली नव्हती. ती छापल्याबरोबर ऐकू आली.

शिपाई गेल्यावर मालक शेडीत आले. आवाज चढवला नाही. "उद्यापासून इथे गोष्ट बंद. नरसव्वाच्या तोंडून एक शब्द निघाला, तर तिचा रहाट उचलून रस्त्यावर ठेवायचा. मुकादम, तुमच्यावर सोपवलं."

नरसव्वा विधवा, मागे कुणी नाही. त्या रहाटावर ती सतरा वर्षांची असल्यापासून बसते. दुसरीकडे तिला या वयात कोण बसवून घेणार? मी मालकांना गाठले आणि मनाला येईल ते बोलले. गोष्टीला घाबरणाऱ्या माणसाने कारखाना चालवू नये, असेही बोलले. त्यांनी ऐकून घेतले.

"बाई, तुम्ही परवाच्या गाडीनं जाल. मी इथेच राहणार. शिपाई उद्या मला विचारणार, तुम्हाला नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. आजही आहे. पण त्यांचा हुकूम मी तेव्हा मानला नाही आणि आजही मानत नाही.

नरसव्वाच्या घरी गेले. तिने चिंचेचे सार आणि भात पुढे केला. मी निषेधाचा मसुदा काढला. सगळ्या बायकांचे अंगठे घेऊ, काम बंद ठेवू, वर्तमानपत्राला कळवू. ती म्हणाली, "जेव आदी." जेवले. मग तिने मसुदा घडी घालून चुलीत सारला.

"तुजा कागद पुरे झाला. उद्या तू समोरच्या ओट्यावर बस, आन् तोंड मिट."

आदल्या दिवसापर्यंत मी "तुमी" होते. आता "तू" झाले होते. रागाने की मायेने, हे मी विचारले नाही.

पाचवा दिवस

दुपार. उकाड्याने शेडीचे दार सताड उघडे. मी गल्लीपलीकडच्या ओट्यावर, सूत न मळवता. सिद्राम मुकादम उंबऱ्यावर, नरसव्वावर डोळा ठेवून. मालक आत कापड तपासत होते.

नरसव्वाने रहाट फिरवायला सुरुवात केली. ओठ गच्च मिटलेले. कांडी भरली. ती तिने टोपलीत टाकली, मान वर केली.

तीस बायका म्हणाल्या, "हूं."

मुकादम दचकला. नरसव्वाकडे पाहिले. तिचे तोंड बंद. दुसरी कांडी भरली, टोपलीत पडली, मान वर. "हूं."

"काय चाललंय?" मुकादम म्हणाला.

"कांड्या भरतोय की, मुकादम."

"हूं कशाला म्हनताय?"

"मालकांनी गोष्ट बंद केलीया. हूं कुटं बंद केलाय?"

मुकादमाने आत पाहिले, बाहेर पाहिले. हुकमात हूं नव्हता. तो परत बसला.

मला चौथ्या-पाचव्या हुंकाराला कळले. गोष्ट चालू होती. राजवाडा आला, गल्ली आली, खटखट आली, सगळे त्या कांड्यांच्या टप्प्यांत. शब्द एकही नव्हता आणि प्रत्येकीला ठाऊक होते की आता आपण कुठे आहोत. मलाही. मग हुकमाची जागा आली, आणि सारे रहाट एकदम थांबले. आतल्या पुरुषांचे मागसुद्धा थांबले. त्यांनीही वर्षानुवर्षे ही गोष्ट ऐकली होती. मालक कापडावरून मान वर करून पाहत राहिले.

"थांबला का गं?" मुकादम ओरडला, पण आवाजात जोर नव्हता.

रहाट पुन्हा फिरले. हूं. काळजाची खटखट. हूं. कान झाकले. हूं. गाद्या घातल्या. हूं. राजा म्हातारीच्या दारात आला. हूं. तू बस उंबऱ्यावर. हूं. मी गोष्ट सांगते, आणि तू...

नरसव्वाने कांडी टोपलीत टाकली आणि मान वर केली. बायका गप्प. हा हूं त्यांचा नव्हता, आणि आज तो म्हणायचा तर नरसव्वाचे तोंड उघडले असते, रहाट रस्त्यावर गेला असता. गोष्ट एका हुंकारासाठी अडून बसली. तीस बायकांनी हळूहळू माना वळवल्या आणि उंबऱ्याकडे पाहिले.

सिद्राम मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. वर पत्र्याकडे पाहिले. घसा साफ केला. आणि म्हणाला,

"हूं."

असे हसणे मी कुठल्या सभेत ऐकले नाही. बायका रहाटांवर कोसळल्या, आतून पुरुष हसले, मी रस्त्यापलीकडे तोंडात पदर कोंबला. नरसव्वा मात्र मान खाली घालून पुढची कांडी लावत होती.

आतून मालकांचा आवाज आला, "कोण बोललं?"

मुकादम उठून उभा राहिला. "कोनी न्हाय, मालक. मीच खाकरलो."

मालकांनी हातातल्या कापडाची घडी घातली. मग आतून म्हणाले, "पाणी प्या." आणि माग पुन्हा वाजू लागले.

मी परतले त्या दिवशी नरसव्वाचा रहाट दाराजवळच्या उजेडातच होता. कुसुम लिहिते की अजून तिथेच आहे, आणि हुकूमही अजून तसाच आहे. तो कुणी मागे घेतला नाही आणि दुपारचा हूंही कुणी मागे घेतला नाही. माझ्या आठ गोष्टींचे बोध मी फाडून टाकले आहेत. आता त्या मी बायकांत बसून सांगते, आणि दर वाक्याला थांबते. हूं नाही आला तर घरी येते.

एक शेवटचे. नरसव्वा हे तिचे नाव नाही. तिचे नाव मी एकदा छापले आहे. ते पुरे.